भेंडे आले नाहीत आणि सासूबाई रुसल्या

पर्वरीत राहणाऱ्या आणि पणजीत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा. गेलं दीड वर्ष त्या आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या ऑनलाइन बाजारातून भाजी घेतात. मंगळवारी रात्री व्हॉट्सॲपवर यादी येते, गुरुवारी दुपारपर्यंत मागणी नोंदवून यूपीआयने पैसे भरायचे आणि शनिवारी संध्याकाळी जवळच्या सभागृहातून आपली पिशवी आणायची. सासूबाई मात्र तीस वर्षं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच बाईकडून भाजी घेत आल्या आहेत. श्रावणात घरी पाहुणे येणार म्हणून सुनेने दोन किलो गावठी भेंडे मागवले. शनिवारी पिशवी उघडली तर भेंडे नाहीतच, आधी कुणी कळवलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोबाईलमध्ये भेंडे पिकत नाहीत." यजमानांच्या मते हा सगळा महागडा छंद आहे. त्याच आठवड्यात यादीत 'गावठी फ्लॉवर' दिसला आणि वाचक भगिनीच्या स्वतःच्याच मनात शंका आली. मग दोघी म्हापशाला गेल्या तेव्हा त्या भाजीवालीने सासूबाईंना कोकणीत विचारलं, "आतां तुमची सून मोबायलार भाजी हाडटा न्हय गे?" (आता तुमची सून मोबाईलवरून भाजी आणते ना?) त्यांचा प्रश्न असा: ग्रुप सोडू का? सासूबाईंना समजावू कसं? की माझंच काही चुकतंय?

ताई,

आधी भेंड्यांबद्दल बोलू, कारण सगळा तंटा तिथून सुरू झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातच एका सकाळी मी डिचोलीकडच्या एका मळ्यात होते. तिथली आजी भेंडे काढत होती. जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, कारण भेंड्याच्या झाडाची बारीक लव हाताला लागली की दिवसभर खाजतं. प्रत्येक भेंडा तोडायच्या आधी ती त्याचं टोक अंगठ्याने हलकंच वाकवायची. कट् करून मोडलं तर टोपलीत, नुसतं वाकलं तर तो जून, तो बियाण्यासाठी झाडावरच. ते सात शिरांचे लांबलचक फिकट भेंडे, आपल्याकडच्या पावसाळ्यातले. त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आजीने मला सांगितलं की हे दिवसाआड काढावेच लागतात, एक दिवस चुकला की भेंड्याची काठी होते. आणि मधेच दोन दिवस पाऊस धरून राहिला, की फुलं गळून पडतात आणि पुढच्या काढणीला टोपलीचा तळही झाकत नाही.

आता तुमच्या यादीकडे पाहा. मंगळवारी रात्री त्या यादीत 'भेंडे, 12 किलो' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते भेंडे अजून जगात नसतात. काही फुलात असतात, काही बोटाएवढे. शेतकऱ्याने केलेला तो अंदाज असतो, शनिवारी सकाळी झाडावर काय असेल याचा. दुकानातल्या फळीवरचा माल मोजून तो आकडा लिहिलेला नसतो. तुम्ही पैसे आधी भरता म्हणून तुम्हाला ती खरेदी वाटते. शेतकऱ्याच्या बाजूने मात्र ती नोंदणी असते. या दोन समजुतींमध्ये जी फट राहते, तिच्यातच तुमचे भेंडे पडले.

म्हणून माल कमी येणं ही फसवणूक नाही. पण न कळवणं ही चूक आहे, आणि ती मी अजिबात सावरून घेणार नाही. शनिवारी सकाळी काढणी झाली की नऊ-दहा वाजेपर्यंत कुणाचं काय कमी पडलं हे कळतं. एक निरोप टाकला असता तर तुम्ही दुपारी म्हापशाला किंवा पर्वरीच्याच बाजारात जाऊन भेंडे आणले असते, आणि पाहुण्यांसमोर सासूबाईंचा शब्द गेला नसता. ग्रुप चालवणाऱ्या बाईंना हे नीट, न रागावता सांगा: माल कमी असेल तर शनिवारी सकाळीच कळवा, आणि न आलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी परत करा किंवा पुढच्या यादीत जमा धरा, पण दोन्हींपैकी काय ते एकदा ठरवून सगळ्यांना लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी हे काम एखादी गृहिणी किंवा निवृत्त शिक्षिका आपला घरसंसार सांभाळून करते. लागणारे नियम तिला गिऱ्हाइकांनी मागितल्यावरच सुचतात. तुम्ही मागितलेत तर तुमच्यामागे उभ्या असलेल्या वीस जणींचं काम होईल.

एक सूचना तुमच्यासाठीही. पाहुणे येणार असतील, उद्यापन असेल, सत्यनारायण असेल, तर त्या दिवसाची मुख्य भाजी अशा बाजाराच्या भरवशावर ठेवू नये. तिथून मिळेल ते शिजवायचं असतं. आधी पदार्थ ठरवून मग भाजी शोधायची ही सवय आपल्याला दुकानांनी लावली. आपल्या आजीच्या घरात परसात काय आहे ते बघून चूल पेटायची.

फ्लॉवरबद्दलची तुमची शंका रास्त आहे. ऑगस्टमध्ये गोव्यात फ्लॉवर, कोबी, गाजर, फरसबी दिसली की ती बहुतेक बेळगावकडून घाटातून आलेली असते. गोव्याला लागणारी बरीचशी भाजी तशीच येते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ट्रक अडले तेव्हा आपण सगळ्यांनी ते स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलं, आणि फोनवरून गावच्या शेतकऱ्याकडे भाजी मागायला आपल्यातल्या पुष्कळ जणी तेव्हाच शिकल्या. बाहेरून आलेली भाजी खाण्यात काही कमीपणा नाही. गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर ती सवलतीच्या दरात मिळते, मीही घेते. पण तिला 'गावठी' म्हणून गावठीच्या दराने विकणं हे मात्र खोटं आहे.

हे ओळखायला कुठलंही ॲप लागत नाही, ऋतू पुरतो. पावसाळ्यात आपल्या मातीत येतात ते भेंडे, दोडकी, पडवळ, तवशी (काकडी), चिबुड, अळू, फागलां (कर्टुली), शेताच्या कडेचा तायखिळा (टाकळा), बांबूचं किल्ल (कोंब). भातकापणी झाली की वायंगणी (हिवाळी) मळे लागतात, मग तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, मिरची, आगशी गावची वांगी, अळसांदे (चवळी). उन्हाळ्यात मानकुराद आंबे, भिंडां (कोकमं), काजू, गावठी कांद्याच्या माळा. यादीतली वस्तू या चक्रात बसत नसेल तर सरळ विचारा: हे कुणाच्या शेतातलं? कुठल्या गावातलं? कधी काढलेलं? एखाद्याने शेडनेटमध्ये वेगळं काही पिकवलेलंही असू शकतं, म्हणून आरोप करू नका, विचारा. खरा शेतकरी या प्रश्नाने दुखावत नाही. उलट तो मळ्याचा फोटो पाठवतो, आणि मग पुढचा अर्धा तास किडीबद्दल बोलतो.

आणखी एक घोटाळा इथेच सोडवून टाकते, कारण पुष्कळ वाचकांच्या पत्रांत तो असतो. गावठी म्हणजे सेंद्रिय नव्हे. गावच्या मळ्यातही औषध मारलं जातं. 'ऑर्गेनिक' म्हणून माल विकायचा तर अन्नसुरक्षेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते तपासणी संस्थेकडून मिळतं किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेताची पाहणी करण्याच्या पद्धतीतून, आणि अशा मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे ज्याच्याकडून तुम्ही सरळ घेता, त्याच्याकडे कागद नसेल तर तो लबाड ठरत नाही, पण मग तुमच्याकडे त्याचा शब्द आणि तुमची ओळख एवढंच उरतं. ती ओळख करून घ्यायला वर्षातून एकदा तरी मळ्यावर जावं. मुलांनाही न्या. भुईमुगाच्या शेंगा झाडाला लटकतात असं वाटणारी मुलं मी पर्वरीतच पाहिली आहेत.

यजमानांच्या 'महागडा छंद' या शब्दाला उत्तर देताना किलोचा भाव पुढे करू नका, त्या हिशेबात तुम्ही हराल. महिनाभर वही ठेवा आणि आठवड्याला किती भाजी आणली, किती कुजून टाकली, हे लिहा. शनिवारी सकाळी काढलेला दोडका गुरुवारपर्यंत टवटवीत राहतो. तीन दिवस ट्रकमध्ये आणि गोदामात काढून आलेला तुमच्या फ्रिजमध्ये येतो तोच दमून. पण हे पिशवी आल्यावर तुम्ही काय करता त्यावरही आहे. तांबडी भाजी आणि बाकीची पालेभाजी शनिवारी रात्री नाहीतर रविवारी सकाळी चुलीवर गेलीच पाहिजे. मुळांना ओली माती चिकटलेली जुडी येते ना, ती माती लगेच धुऊ नका, शिजवायच्या वेळी धुवा, नाहीतर पानं सडतात. भेंडे, वांगी सोमवार-मंगळवारी संपवा. दुधी, भोपळा आणि सुरण, कणगी असे कंद आठवड्याच्या शेवटाला. कांदे, बटाटे, गाजर महामंडळाच्या गाळ्यावरून आणा, त्यासाठी गावच्या शेतकऱ्याला वेठीला धरू नका. एवढं करून वहीत पैसे जास्तच दिसले, तर यजमानांना तसं प्रामाणिकपणे सांगा, आणि जास्तीचे पैसे कुणाच्या हातात जातात तेही सांगा.

इथपर्यंतचं सगळं सोपं होतं. आता सासूबाई.

तुमच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आहे. "आता शुक्रवारी त्यांना बाजारात जायची गरज उरली नाही, त्यामुळे त्यांची दगदगही वाचली." ताई, हे वाक्य तुम्ही त्यांच्या बाजूनं, मायेनंच लिहिलं आहे, मला दिसतं. पण त्यांना कुणी विचारलं होतं का, की दगदग वाचवू का?

तीस वर्षं दर शुक्रवारी एक बाई घरातून निघते. पर्वरीहून बस पकडते, म्हापशाला उतरते, केळ्यांच्या बाजूने आत शिरते, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा आजारी आहे ते ऐकते, मिरची हुंगते, चोरीसांच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा टाळून पुढे जाते, भाव करते, एक जुडी फुकट मिळवते आणि दुपारी पिशवी टेबलावर ठेवून म्हणते, "बघा, आज काय मिळालं." घराला भाजी मिळायची हे खरंच, पण त्या दिवशी घरातला एक निर्णय त्यांचा असायचा. आता शनिवारी संध्याकाळी पिशवी येते ती तुम्ही मागवलेली, तुमच्या फोनमधून, तुमच्या नोंदीप्रमाणे. भेंडे आले नाहीत तेव्हा त्यांना जो राग आला, त्यात भेंड्यांचा वाटा मला थोडाच वाटतो.

म्हणून 'सासूबाईंना समजावू कसं' हा तुमचा प्रश्न मला बाजूला ठेवावासा वाटतो. त्यांना समजावण्यासारखं फारसं नाही. त्यांना जे कळतं ते तुमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना कळत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं आहे. मंगळवारी रात्री यादी आली की ती त्यांना वाचून दाखवा. नुसती दाखवू नका, अक्षरं बारीक असतात, मोठ्याने वाचा. त्या म्हणतील, "आत्ता फ्लॉवर कुठला? खोटं." त्या म्हणतील, "किल्ल आलंय? घे, पण दोन दिवस भिजत घालावं लागेल." यादीतून काय घ्यायचं हे महिन्यातून दोनदा तरी त्यांना ठरवू द्या, आणि त्यांनी निवडलेलं पुसून आपलं घालू नका. तुमच्या पत्रावरून त्या तिरसट वाटत नाहीत, एकट्या पडल्यासारख्या वाटतात.

माझ्या एका मैत्रिणीने हेच केलं. तिच्या सासूने पहिल्या आठवड्यात यादीतल्या चार वस्तू हंगामाबाहेरच्या म्हणून काढून दाखवल्या. मैत्रिणीने ते ग्रुपवर लिहिलं. पुढच्या यादीपासून प्रत्येक वस्तूपुढे गावाचं नाव यायला लागलं, आणि बाहेरून आणलेल्या मालापुढे 'बेळगाव' असं स्पष्ट. भाव तोच राहिला नाही, अर्थात. आता त्या घरी मंगळवारी रात्री साडेआठला सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात.

भाजीवालीच्या बोलण्याने तुमच्या काळजाला लागलं आहे. ते लागावंच, पण ती तुम्हाला टोचून बोलली असं मला वाटत नाही. तिने विचारलं. तुमच्या मनात आधीच रुखरुख होती म्हणून कानांनी टोमणा ऐकला. तरी तिचं नुकसान खरं आहे: तीस वर्षांचं घर सुटलं तर तिला ते कळणारच. पेडणे, बार्देशच्या गावांतून येणाऱ्या अशा कितीतरी बायका स्वतःच्या मळ्यातलं आणि शेजारणींच्या परसातलं मिळून टोपलीत भरून आणतात. म्हणजे तुमच्या ग्रुपने जे करायचं ठरवलं, शेतातून थेट घरात, ते ती तीस वर्षं डोक्यावर वाहून करते आहे. 'ऑनलाइन म्हणजे गावठी आणि बाजार म्हणजे जुनाट' ही वाटणी तुमच्या पत्रात कुठेतरी गृहीत धरलेली आहे. ती काढून टाका. बाजारातही घाटावरचा माल गावठी म्हणून विकला जातो आणि ग्रुपवरही. दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच, हे कुणी पिकवलं.

तिला ग्रुपमध्ये आणू का, असं तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलं आहे. एकदा विचारून बघा, आग्रह करू नका. तिला संध्याकाळी रोख पैसे हातात घेऊन घरी जायचं असतं. उरलेली जुडी शेवटच्या गिऱ्हाइकाला कमी भावात देऊन टोपली रिकामी करायची असते. ग्रुपमध्ये वजन करून पिशव्या भरा, फोनवर आकडे भरा, पैसे खात्यावर यायची वाट बघा. घरी एखादी शिकलेली नात असेल तर तिला जमेलही. तिला नको असेल तर ते तिचं गणित आहे, आणि तिला ते आपल्यापेक्षा चांगलं येतं.

तर ग्रुप सोडू नका. पण सगळं तिथूनच घ्यायचं हा हट्ट सोडा. त्यातल्या दोन-तीन वस्तू मात्र नेमाने घ्या, दर आठवड्याला, न चुकता. तांबडी भाजी पेरल्यापासून महिन्याभरात काढायला येते. चाळीस घरं दर शनिवारी एक-एक जुडी घेणारच असं शेतकऱ्याला माहीत असेल, तर तो दर आठवड्याला एक वाफा पेरेल. ज्या आठवड्यात मन झालं त्या आठवड्यात दहा जुड्या, आणि पुढचे तीन आठवडे काही नाही, अशा गिऱ्हाइकावर कुणी वाफा पेरत नाही. गावाला जाणार असाल तर गुरुवारच्या आत सांगा. आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी तासभर आधी सभागृहात जाऊन पिशव्या भरायला हात लावा. पुढच्या वेळी काही कमी पडलं तर का पडलं हे तुम्हाला विचारावं लागणार नाही.

बाकीची भाजी शुक्रवारची. तुम्ही लिहिलंय की महिन्यातला एक शुक्रवार तुम्हाला अर्ध्या दिवसाची रजा घेता येते. ती घ्या. चतुर्थी आता दोन-तीन आठवड्यांवर आली आहे आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान यादीवरून मागवण्यासारखं नसतं. कांगणां, माट्टी, कवंडळां, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगां, सुपारीची कातरी हे सगळं हातात घेऊन, उलटंपालटं करून घ्यायचं असतं, आणि त्यातलं निम्मं ओळखायला तुम्हाला सासूबाई लागतील. सकाळी लवकर निघा, त्यांना पुढे चालू द्या, पिशवी तुमच्या हातात असू दे. त्या भाजीवालीकडे आधी जा. तिच्याकडे सात शिरांचे भेंडे असतील तर दोन किलो घ्या, आणि टोक मोडून बघायचं काम सासूबाईंना करू द्या.